विरघळलं म्हणजे जगलं असं नाही: पटलप्रथिनांसाठी नवं डिटर्जंट घडवताना

अल्ट्रासेंट्रिफ्यूजमधून नळी बाहेर काढली. वरचं द्रव नितळ, फिकट पिवळं. तळाला पेलेट जेमतेम मुगाच्या डाळीएवढं. पटलातलं प्रथिन सगळं वर आलं होतं आणि त्या रात्री मी समाधानाने घरी गेलो. दुसऱ्या दिवशी तेच द्रव जेल फिल्ट्रेशनच्या कॉलमवर चढवलं, तर सगळं प्रथिन सुरुवातीलाच, आकाराने सर्वांत मोठ्या वस्तू जिथे बाहेर पडतात त्या जागी, एकाच उंच टोकदार पीकमध्ये बाहेर आलं. विरघळलं होतं, पण घडी मोडून एकमेकांना चिकटलेलं. गठ्ठा नुसता.

तेव्हापासून नवं डिटर्जंट हातात आलं की मी दोन प्रश्न वेगवेगळे विचारतो. याने प्रथिन किती सोडवलं? आणि दहा दिवसांनी त्यातलं किती काम करतंय? पहिल्याचं उत्तर एका दुपारी मिळतं. पुढची सगळी कृती आहे ती दुसऱ्यासाठी.

प्रथिनं आधी, रेणू नंतर

नवशिक्या रसायनज्ञाची घाई असते ती रेणू बनवण्याची. ती जरा आवरा. आधी चाचणीची प्रथिनं ठरवा, आणि एकावर थांबू नका. एका प्रथिनाला मानवलेलं डिटर्जंट दुसऱ्याला मारतं, हा या क्षेत्रातला रोजचा अनुभव आहे. किमान तीन घ्या, आणि तीन वेगवेगळ्या स्वभावांची.

एक धट्टंकट्टं हवं. 'अ‍ॅक्विफेक्स इओलिकस' या उष्णताप्रिय जिवाणूचा ल्यूसीन वाहक, म्हणजे ल्यूटी, त्यासाठी उत्तम. दुसरं मध्यम, उदाहरणार्थ साल्मोनेलातला मेलिबायोज वाहक मेलबी. तिसरं नाजूक, म्हणजे माणसाचा बीटा-2 अ‍ॅड्रेनर्जिक रिसेप्टर. जमलं तर चौथं रंगीत ठेवा: 'रोडोबॅक्टर कॅप्सुलेटस' या प्रकाशसंश्लेषी जिवाणूतलं प्रकाशग्राही संकुल आणि अभिक्रिया केंद्र यांची जोडगोळी. ती शाबूत असेपर्यंत 875 नॅनोमीटरला प्रकाश शोषते. मोडली की तो आकडा घसरतो आणि 680च्या आसपासचा चढतो. दोन्हींचं गुणोत्तर रोज सकाळी स्पेक्ट्रोफोटोमीटरवर दोन मिनिटांत मिळतं. महाग किट लागत नाही, किरणोत्सारी पदार्थ लागत नाही. नव्या विद्यार्थ्याला मी सुरुवात याच जोडगोळीवर करून देतो.

कागदावरचं डिटर्जंट

पेशीपटलाच्या तेलकट गाभ्याची जाडी साधारण 3 नॅनोमीटर. पटलप्रथिनाचा तेवढाच पट्टा पाण्याला घाबरतो. डिटर्जंटच्या रेणूंनी शेपटं आत, डोकी बाहेर असं वेढून त्या पट्ट्याभोवती कमरपट्टा बांधायचा, एवढंच काम. बारा कार्बनांचं सरळ शेपूट दीड नॅनोमीटरहून थोडं लांब भरतं, म्हणून वरून एक आणि खालून एक अशी शेपटं मिळून पट्टा झाकला जातो. डोडेसिल माल्टोसाइड, म्हणजे सगळ्यांच्या फ्रीजरमधलं डीडीएम, इतकी वर्षं टिकून आहे त्यामागे हा हिशेब आहे. आठ कार्बनांचं ऑक्टिल ग्लुकोसाइड छोटे मिसेल, म्हणजे शेपटं आत घेतलेले रेणूंचे गोळे, देतं. स्फटिक करणाऱ्यांना ते आवडतं, पण नाजूक प्रथिनं त्यात पटकन ढेपाळतात.

रेणूचे तीन भाग वेगळे मांडून विचार करा: डोकं, शेपूट आणि त्यांना जोडणारा सांधा. डोकं विद्युतभार नसलेलं हवं. भारवाल्या डोक्याचं एसडीएस प्रथिनाची घडीच उलगडून टाकतं. साखरेची डोकी सौम्य, आणि त्यात ग्लुकोजपेक्षा माल्टोज जास्त पाणीप्रिय. शेपूट दहा ते बारा कार्बनांचं धरा. खरी कल्पकता दाखवायची असेल तर ती सांध्यात.

त्याचं उत्तम उदाहरण 2010 साली 'नेचर मेथड्स'मध्ये आलं. पिल-सोक चे, सॅम्युअल गेलमन, ब्रायन कोबिल्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माल्टोज निओपेंटिल ग्लायकॉल, थोडक्यात एमएनजी, हे कुटुंब मांडलं. मधोमध एकच कार्बन. त्याच्या चारही हातांना काही ना काही जोडलेलं, हायड्रोजन एकही नाही. दोन हातांना दोन माल्टोज, दोन हातांना दोन शेपटं. दोन डीडीएम कमरेला बांधल्यासारखा हा रेणू. मधला कार्बन असा गच्च असल्यामुळे शेपटं मोकाट हलत नाहीत आणि कमरपट्टा घट्ट बसतो. यातलं एमएनजी-3 आज एलएमएनजी नावाने बाजारात मिळतं. 2011 साली बीटा-2 रिसेप्टर आणि जी-प्रथिन यांच्या संकुलाची रचना उलगडली, तेव्हा ते संकुल टिकवायला हेच वापरलं होतं. पुढच्याच वर्षी कोबिल्का आणि रॉबर्ट लेफ्कोविट्झ यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

या कृतीत आपण एमएनजीचाच साचा घेऊ आणि फक्त शेपूट बदलू: नऊ, दहा, अकरा, बारा कार्बन. एका वेळी एकच बदल. डोकं आणि शेपूट दोन्ही एकदम बदललंत तर निकाल चांगला आला तरी तो कशामुळे आला हे कळायचं नाही, आणि मग पुढचा रेणू अंदाजाने बनवावा लागतो.

रेणू बनवणं

पहिली पायरी शेपटं जोडण्याची. डायइथाइल मॅलोनेट घ्या, कोरड्या द्रावकात सोडियम हायड्राइडने त्याचे दोन्ही आम्लधर्मी हायड्रोजन एकामागून एक काढा आणि तिथे 1-ब्रोमोडेकेन लावा. नऊ कार्बनांसाठी ब्रोमोनोनेन, आणि पुढे तसंच. ब्रोमाइड थोडं जास्त घ्या, नाहीतर एकच शेपूट लागलेला माल उरतो आणि तो वेगळा करताना कॉलम दिवसभर चालतो.

दुसरी पायरी क्षपणाची. लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइडने दोन्ही एस्टरांचे अल्कोहोल करा. बर्फात, नायट्रोजनखाली, थेंबाथेंबाने. शेवटी उरलेलं हायड्राइड मारताना आधी मिथेनॉल, मग पातळ आम्ल, आणि तेही अतिशय सावकाश. हुडची काच खाली ओढलेली हवी आणि शेजारी कोणीतरी उभं हवं. या पायरीला एकट्याने रात्री बसायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे.

तिसरी पायरी साखर जोडण्याची. इथे मन लावा. माल्टोजचे सगळे हायड्रॉक्सिल बेंझॉइलने झाकलेलं माल्टोसिल ब्रोमाइड वापरायचं. डायओलच्या दर रेणूमागे ते साधारण 2.4 पट, सिल्व्हर ट्रायफ्लेट तेवढंच, आणि कॉलिडीन त्याहून कमी. डायक्लोरोमिथेनमध्ये उणे 45 अंशांवर सुरुवात करून हळूहळू शून्यावर आणा. बेंझॉइल झाकण काढून टाकता येतं, एवढ्यासाठीच ते निवडलेलं नाही. शेजारच्या कार्बनावरचं बेंझॉइल आतल्या बाजूने आधार देतं आणि नवा बंध बीटा बाजूनेच जुळतो. हा आधार मिळाला नाही तर अल्फा आणि बीटा यांची खिचडी होते, आणि तीच प्रथिनाला भोवते.

शेवटी मिथेनॉलमध्ये सोडियम मेथॉक्साइड, 0.05 मोलरच्या आसपास, सहा तास. बेंझॉइल गळून पडतात. आम्लरूपातल्या अँबरलाइट रेझिनने उदासीन करा, गाळा, द्रावक उडवा आणि थोड्या मिथेनॉलमध्ये विरघळवून ईथरमध्ये ओता. पांढरं चूर्ण खाली बसतं. ते गाळणीवर पडताना बघायला मला अजूनही आवडतं: आधी ढगासारखं, मग एकदम जड होऊन तळाशी.

शुद्धता: इथे घाई करू नका

एनएमआरमध्ये डोक्याजवळच्या प्रोटॉनकडे बघा. बीटा बंधाचा प्रोटॉन 4.3-4.4च्या आसपास, 8 हर्ट्झच्या रुंद जोडीत दिसतो. माल्टोजच्या आतल्या अल्फा बंधाचा 5.1-5.2च्या आसपास, 4 हर्ट्झहून जरा कमी अंतराच्या जोडीत. दोन्हींचं क्षेत्रफळ एकास एक यायला हवं. अल्फा बाजूचं क्षेत्रफळ भरीला आलं, तर जोडणी चुकलेली आहे. तो माल प्रथिनावर वापरू नका, कितीही जीव तुटला तरी.

सुटं लांब अल्कोहोल ही दुसरी घाण. ती पाण्यात विरघळत नाही, मिसेलच्या पोटात लपते आणि प्रथिनाला चिकटते. टीएलसीवर ती वरच्या बाजूला पळते, त्यामुळे ओळखायला सोपी. एकदा दोन महिन्यांचे निकाल एकमेकांशी जुळेनात. प्रथिन तेच, हात तेच. शेवटी डिटर्जंटची बाटली तपासली, तेव्हा अर्ध्यातून पुढे दुसऱ्या खेपेचा माल सुरू झाला होता असं कळलं. आता प्रत्येक खेपेला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो वहीत प्रत्येक प्रयोगापुढे लिहिला जातो.

पाण्यातली वागणूक

आधी 10 टक्क्यांचं द्रावण करून बघा. पाण्यात इतकं विरघळत नसेल, किंवा फ्रीजमध्ये गोठून पांढरे तंतू येत असतील, तर रेणू कितीही सुंदर असो, रोजच्या कामाचा नाही. लांब शेपटांचे रेणू बहुधा इथेच बाद होतात.

मग मिसेल कधी बनतात ते मोजा. डायफिनाइलहेक्साट्रायीन नावाचं रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ चमकत नाही, पण मिसेलच्या तेलकट पोटात शिरलं की चमकतं. 0.0001 ते 0.1 टक्क्यांपर्यंत डिटर्जंटची एक मालिका लावा, रंगद्रव्य घाला, रात्रभर अंधारात ठेवा आणि सकाळी चमक मोजा. आलेख जिथे वळतो ती क्रांतिक मिसेल संहती, प्रयोगशाळेच्या बोलीत सीएमसी. ऑक्टिल ग्लुकोसाइडची ती 20 मिलिमोलरच्या आसपास, डीडीएमची 0.17 आणि एलएमएनजीची 0.01. तुमचे चार रेणू शेपटाच्या लांबीप्रमाणे या पट्टीवर क्रमाने बसायला हवेत. एखादा क्रम सोडून पळाला तर शुद्धता पुन्हा तपासा.

कमी सीएमसी म्हणजे सगळाच फायदा, असं समजू नका. डीडीएममधला बीटा-2 रिसेप्टर सीएमसीच्या खाली पातळ केला की झटक्यात औषध ओळखणं सोडतो; एलएमएनजीमधला दीर्घकाळ ओळखत राहतो, कारण कमरपट्टा सुटायला तयारच नसतो. हीच चिकाटी पुढे नडते. हे डिटर्जंट डायलिसिसने निघत नाही. प्रथिन पुन्हा मेदपटलात बसवायचं असेल तर ते काढता काढता नाकी नऊ येतात. म्हणून आधी ठरवा: टिकवायचं आहे की परत बसवायचं आहे?

पटलातून सोडवणं

पेशी फोडा, न फुटलेल्या पेशी हलक्या फिरकीत बाजूला करा, आणि 1,00,000 जी वेगाने तासभर फिरवून पटलं गोळा करा. डाउन्स होमोजिनायझरने बफरमध्ये एकजीव करा. प्रथिन बीसीए पद्धतीने मोजा; डिटर्जंट असताना ब्रॅडफर्डचा रंग फसवतो. पटलांचं प्रथिन मिलिलिटरला 2 ते 5 मिलिग्रॅम ठेवा.

180 मायक्रोलिटर पटलांत 20 मायक्रोलिटर 10 टक्के डिटर्जंट, म्हणजे शेवटी 1 टक्का. थंडीत एक-दोन तास सावकाश फिरवा. व्हॉर्टेक्सवर ठेवू नका. फेसात हवा आणि पाणी यांच्या सीमेवर प्रथिन उलगडतं. पुन्हा 1,00,000 जी, पाऊण तास. वरचं द्रव, पेलेट आणि मूळ मिश्रण या तिन्हींतून जेलवर सारख्या प्रमाणात घ्या. नुसतं वरचं द्रव बघितलंत तर उरलेलं गेलं कुठे, ते कळत नाही.

एक हिशेब विद्यार्थी नेहमी चुकवतात. 1 टक्का डीडीएम म्हणजे 19.6 मिलिमोलर, सीएमसीच्या 115 पट. 1 टक्का एलएमएनजी म्हणजे सुमारे 10 मिलिमोलर, पण सीएमसीच्या जवळजवळ 1,000 पट. मग तुलना कशावर करायची? सोडवण्याच्या पायरीला वजनावर करा, कारण तिथे डिटर्जंटला मेदाशी झुंजायचं असतं आणि किती माल आहे यालाच महत्त्व असतं. टिकण्याच्या पायरीला मात्र 'सीएमसी अधिक ठरावीक टक्के' अशी करा, उदाहरणार्थ सीएमसी अधिक 0.04 आणि सीएमसी अधिक 0.2. मगच प्रत्येक नळीत मिसेलमध्ये गेलेला माल सारखा राहतो.

कोलेस्टेरॉलची आठवणही इथेच ठेवा. हैदराबादच्या सीसीएमबीमध्ये अमिताभ चट्टोपाध्याय यांच्या गटाने गाईच्या मेंदूच्या हिप्पोकॅम्पसमधून सेरोटोनिन-1ए रिसेप्टर काम करत्या स्थितीत बाहेर काढला. डिटर्जंट होतं चॅप्स, तेही मिसेल बनण्याआधीच्या कमी संहतीला, मिठाच्या जोडीने. पटलातलं कोलेस्टेरॉल हललं की रिसेप्टरची पकड सैल होते आणि कोलेस्टेरॉल परत दिलं की ती परत येते, हेही त्यांनी दाखवलं. सस्तन प्राण्यांच्या प्रथिनांसाठी म्हणूनच डिटर्जंटमध्ये कोलेस्टेरिल हेमिसक्सिनेट मिसळतात. तुमच्या रेणूची चाचणी त्यासह आणि त्याविना, दोन्ही करा.

टिकतं का ते बघणं

आता खरा प्रश्न. प्रथिन डीडीएममध्ये शुद्ध करून घ्या आणि ते 0.05 टक्के डीडीएममध्ये असेल तर नव्या डिटर्जंटच्या बफरमध्ये दहापट पातळ करा. डीडीएम 0.005 टक्क्यांवर येतं. त्याची सीएमसी 0.0087 टक्के असल्याने त्याचे स्वतःचे मिसेल उरत नाहीत आणि जागा नव्या रेणूला मिळते. शेजारी डीडीएमची नळी, त्याच खेपेच्या प्रथिनाची, त्याच दिवशी लावलेली. मागच्या महिन्यातल्या डीडीएमशी तुलना करू नका.

ल्यूटीसाठी किरणोत्सारी ल्यूसीन किती पकडलं जातं ते खोलीच्या तापमानाला दहा-बारा दिवस, दोन-तीन दिवसांच्या अंतराने मोजा. रंगीत जोडगोळीचं 875/680 गुणोत्तर रोज. मेलबीसाठी नळ्या 0, 45, 55 आणि 65 अंशांवर 90 मिनिटं ठेवा, फिरवा, वरचं द्रव जेलवर. डीडीएममध्ये 65 अंशांना जवळजवळ काहीच उरत नाही, त्यामुळे फरक पटकन नजरेत भरतो.

पण जेलवरची पट्टी जाड दिसली म्हणून थांबू नका. 'ई. कोलाय'चा मेलबी डीडीएममध्ये विरघळलेला राहतो आणि तरीही साखर ओळखत नाही; एलएमएनजीमध्ये ओळखतो. हे तपासायला डॅन्सिल-गॅलॅक्टोसाइड नावाची चमकणारी साखर वापरतात. प्रथिनाने ती पकडली की चमक वाढते, आणि मेलिबायोज ओतला की तिची जागा जाते आणि चमक उतरते. ते उतरणं दिसलं तरच प्रथिन जिवंत म्हणायचं.

हाताशी प्रथिन फार थोडं असेल तर जीएफपी हे चमकणारं प्रथिन जोडून चमकीच्या डिटेक्टरवर जेल फिल्ट्रेशन करा. कावाते आणि गूऑ यांनी 2006 साली ही पद्धत मांडली. प्रथिन शुद्धही करावं लागत नाही आणि नॅनोग्रॅममध्ये भागतं. एकच टोकदार, सुबक पीक योग्य जागी आलं पाहिजे. सुरुवातीलाच आलेलं पीक म्हणजे गठ्ठा. कॉलमच्या बफरमध्ये डिटर्जंट घालायला विसरू नका. विसरलात तर कॉलममध्येच पट्टा सुटतो आणि दोष बिचाऱ्या नव्या रेणूवर जातो.

परत कागदाकडे

चार रेणू, तीन-चार प्रथिनं, दोन संहती. एका मोठ्या कागदावर हे हाताने मांडा. बहुधा असं दिसेल: नऊ कार्बनांचा रेणू भरपूर सोडवतो पण टिकवत नाही, बाराचा टिकवतो पण विरघळताना त्रास देतो, आणि खरी चुरस मधल्या दोघांत असते. एका प्रथिनाला दहा आवडतो, दुसऱ्याला अकरा. विजेता एकच निवडायचा हट्ट सोडा. दोघांनाही बाटली आणि नाव द्या.

सगळेच ढेपाळले तर शेपूट सोडून सांध्याकडे वळा, किंवा शेपटाचा आकारच बदला. डिजिटोनिनच्या जागी आलेलं जीडीएन असंच घडलं. डिजिटोनिन डिजिटॅलिस वनस्पतीतलं सॅपोनिन, रिठ्याचा फेस ज्या वर्गातला त्याच वर्गातलं, पण विषारी आणि पाण्यात धड न विरघळणारं. पिल-सोक चे यांच्या गटाने 2012 साली त्याच्यासारखा स्टेरॉइडचा कणा डायोस्जेनिनपासून घेतला. डायोस्जेनिन मेथीच्या दाण्यातही असतं. त्या कण्यावर माल्टोजची दोन डोकी बसवली आणि आज क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीत ते रोजच्या वापरात आहे.

मायक्रोस्कोपीसाठी प्रथिन पाठवणार असाल तर रिकामे मिसेल कमी करा. प्रथिन घट्ट करताना 100 किलोडाल्टनच्या गाळणीवर मोठे मिसेलही अडकतात आणि डिटर्जंट प्रथिनाबरोबर वाढत जातं. मग चित्रात प्रथिनापेक्षा तेच जास्त दिसतं. ग्लिसरॉलच्या उतरंडीतून, खालच्या थरात डिटर्जंट न घालता, एकदा खाली उतरवलं की सुटे मिसेल मागे राहतात आणि घट्ट पट्टा बांधलेलं प्रथिन पुढे जातं. एलएमएनजीसारख्या चिवट रेणूलाच हे झेपतं.

बाटली भरताना चिठ्ठीवर खेप क्रमांक, तारीख, सीएमसी आणि कोणत्या प्रथिनाला किती दिवस टिकवलं तो आकडा लिहा. चूर्ण कोरडं, उणे 20 अंशांवर. मग त्यातलं 100 मिलिग्रॅम अशा प्रयोगशाळेकडे पाठवा जिचं प्रथिन तुम्ही कधी पाहिलेलं नाही, आणि सोबत तेवढंच डीडीएमही द्या.